फुटामागं एक सूत

उंब्रज,
ता. ५ फेब्रुवारी १९७८

चि. सौ. लीला हिस,

दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडं सगळं ठीक. तुझी वहिनी गुडघा सोडला तर खुशाल आहे. गुडघ्याबद्दल ती स्वतंत्र पत्र लिहिणार आहे म्हणे, तेव्हा तो विषय मी सोडतो.

पत्रास कारण की तुझ्या लेकाचं विलायतेहून पार्सल आलं. घरच्या पत्त्यावर न धाडता माझ्या वायरिंगच्या दुकानावर धाडलं, यातच काय ते समज. पोस्टमन जोतीराम ते काखेत मारून आला आणि आत काय आहे ते बघितल्याबिगर हलेना. आत प्लॅस्टिकचे सुटे भाग आणि ते जोडायचे कसे त्याचा कागद. सगळं जोडलं की दोन फुटांचं अंतराळयान होतं. मानसिंग ज्या कारखान्यात आहे तिथं टीव्हीच्या मालिकांसाठी असली यानं बनवतात, हे तुला ठाऊकच. त्यातलं एक त्यानं स्वतःच्या हातानं केलं. ते तिकडच्या लोकांना इतकं आवडलं की एका खेळण्यांच्या कंपनीनं त्याची ही लहान नक्कल डब्यात घालून विकायला काढली. सोबत त्यानं आपल्या मूळ यानाचा रंगीत फोटो ठेवलाय.

चिठ्ठीत लिहितो की मामा, कंपनीनं घाईत बरंच चुकीचं केलंय, फोटो बघून दुरुस्त करा, फौजेत तुम्ही गाड्यांची वायरिंग केलीत तेव्हा आत दिवेही घाला, आणि जमलं तर एकदा आबांच्या नजरेस पडू द्या. दिवाळीला त्याला महिन्याची रजा मिळते आहे. पण ओतकामाचं शिकायला म्हणून गेला आणि यानं करत बसला, तेव्हा खेळणी करणाऱ्याला या घरात जागा नाही असं दाजींनी लिहिलं होतं, ते त्याच्या काळजात रुतलंय. त्यानंतर त्यानं बापाला किती पत्रं लिहिली, उत्तर एकाचं नाही. आता आबांच्या हातचं बोलावणं आल्याशिवाय उंबरा ओलांडणार नाही म्हणतो. बापाचा हट्ट लेकात उतरलाय, सुतभरही कमी नाही.

तू दाजींना इतक्यात काही बोलू नकोस. आधी मला यान जोडू दे. माझ्यावरची माया आहे तेवढी ठेव, जास्त केलीस तरी तक्रार नाही.

तुझा दादा,
लालासाहेब


विश्रामबाग, सांगली,
ता. १४ फेब्रुवारी १९७८

ती. दादांस,

लीलाचा शि. सा. न. वि. वि. तुमचं पत्र पोचलं. वहिनींचंही पोचलं, ते तुमच्यापेक्षा लांब आहे. गुडघ्याला एरंडाचं पान गरम करून बांधायला सांगा.

ह्यांचं काय सांगू. फौंड्रीतून रिटायर झाल्यापासून घरात पाहुण्यासारखे बसतात. इतकी वर्षं पॅटर्न शॉपात लाकडाचे पंप, लाकडाची चाकं घडवली, त्यांच्यावरून साचे घेऊन बिडाचे, ओतीव लोखंडाचे पंप ओतले गेले. आता हत्यारांची पेटी मागच्या पडवीत कुलूप घालून ठेवलीय. सकाळी पेपर वाचतात, दुपारी तोच पेपर वाचतात, आणि दूधवाल्या ज्ञानूच्या मापाला पोचा आलाय म्हणून त्याच्याशी भांडतात. मापाला पोचा आहे हे खरं आहे, पण म्हणून रोज भांडायचं?

मानसिंगची पत्रं हे हातात घेत नाहीत. मग मी एक युक्ती काढली. शेजारची सलिमा पापड लाटायला येते, तिला मी अंगणात बसून पत्र मोठ्यानं वाचून दाखवते. सलिमाला त्यातलं काही कळत नाही, पण बिचारी व्हय व्हय करते. हे ओट्यावर पेपर धरून असतात. पत्र संपेपर्यंत पेपरचं पान उलटत नाही, हे मी लक्ष ठेवून पाहिलंय.

एकदा माझ्या तोंडून निघून गेलं की तुमी तरी आयुष्यभर लाकडाचेच पंप केले, त्यातल्या कुठल्या पंपातून पाणी आलं? त्या दिवशी रात्री जेवले नाहीत. तेव्हा दादा, जपून. आपण काही घडवून आणतोय असा वास लागला तर हे मांजरासारखे उठून जातील. दार उघडं ठेवावं आणि आपण दुसरीकडं बघावं, एवढंच चालतं ह्यांच्यापुढं.

दिवाळीचं वाचून मी पणत्यांची टोपली काढून बघितली. फेब्रुवारीत. हसू नका.

मायेत अंतर नाहीच, पण पत्रांत पडू देऊ नका.

तुमची,
लीला


उंब्रज,
ता. २० मार्च १९७८

चि. सौ. लीला हिस,

आशीर्वाद. वि. वि. यान झालं. करायला गेलो गणपती, आणि काय झालं ते तू पाडव्याला बघशीलच.

डब्यावरच्या चित्रात एका टोकाला पाच नळकांडी आहेत आणि त्यांतून उजेडाचा लोट आपल्या अंगावर येतोय. ज्यानं उभा जन्म ट्रकची वायरिंग केली तो त्याला हेडलाईटच समजणार. मी पाचांतही गाडीच्या डॅशबोर्डचे बल्ब बसवले, दुसऱ्या टोकाला एसटीसारखा लाल दिवा दिला आणि ट्रकच्या बॅटरीला तारा जोडल्या. लखलखाट झाला. एका ड्रायव्हरनं हॉर्न कुठाय म्हणून विचारलं.

एवढ्यात जळका वास सुटला. त्या बल्बांच्या धगीनं यानाचं पोट मऊ झालं आणि ओल्या पापडासारखं खाली लोंबायला लागलं. नशिबानं रहिमान दुकानात होता. तुला आठवत असेल, मोहरमला आपल्या पेठेचा ताबूत तोच सजवतो. त्यानं माझ्या आधी तार उपटली आणि मला झापलं, की गड्या, कागदाच्या ताबुतात आमी दिवा ठेवतो तो काय आगीत घालायला व्हय? दिवा लहान पाहिजे, भिंतीपासून लांब पाहिजे, त्याच्या मागं चकचकीत कागद आणि पुढं तेलकट कागद, म्हणजे उजेड पसरतो आणि दिवा दिसत नाही. मग आम्ही दोघांनी मिळून टॉर्चचे बल्ब घातले आणि मागं सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावली. पोट आतून ढकलून सरळ केलं. जवळजवळ सरळ.

खिडक्या म्हणजे कंपनीनं नुसते उंचवटे दिले होते. मी तापल्या सुईनं भोकं पाडली. काही मोठी झाली, काही लहान. प्लॅस्टिक पातळ असल्यानं उजेड खिडक्यांसकट सगळ्या अंगातून पाझरतो, तेव्हा लांबून यान कमी आणि आकाशकंदील जास्त वाटतं. पण दिवे लागतात, लीला. संध्याकाळी काउंटरवर पेटवलं की हायवेवरच्या गाड्या वेग कमी करतात.

पाडव्याला घेऊन येतो. दाजींना सांग की लालासाहेबाला म्हातारपणी नाद लागलाय, बस. गोड काय करतेस ते कळव, त्यावर मुक्काम एक दिवस की दोन ते ठरेल.

तुझा दादा,
लालासाहेब


विश्रामबाग, सांगली,
ता. १७ एप्रिल १९७८

ती. दादांस,

लीलाचा शि. सा. न. वि. वि. तुम्ही पाडव्याला आलात, यान कपाटावर ठेवलंत, आणि हे त्याच्याकडं पाठ करून बसले. जेवणभर ह्यांनी फक्त वहिनींच्या गुडघ्याची चौकशी केली. तुम्ही तोंड पाडून कराडच्या गाडीत बसलात, ते मला दिवसभर डोळ्यांपुढून जाईना. पण आता ऐका.

दुसऱ्या दिवशी बघते तर यानाचं तोंड भिंतीकडं. मला वाटलं, ह्यांना डोळ्यांपुढं नको झालंय. मी परत दाराकडं फिरवलं. दुपारी पुन्हा भिंतीकडं. मी पुन्हा फिरवलं. असं दोन दिवस आमचं दोघांचं न बोलता चाललं होतं. शेवटी मीच विचारलं की त्या बापड्या यानानं तुमचं काय घोडं मारलंय. तर उसळले, की तुझ्या शहाण्या भावानं ढुंगणाला हेडलाईट लावलेत. यान दोन दिवस घरात उलटं चाललंय आणि मला बघवत न्हाई. नळकांड्यांची तोंडं बाहेर फाकली आहेत, म्हणजे त्यांतून जोरानं काहीतरी बाहेर पडतंय, म्हणजे ती शेपूट, पंप बघितलेल्या कुठल्याही पोराला कळेल, असं सगळं एका दमात. पाडव्याला जेवता जेवता ह्यांनी एवढं सगळं बघितलं होतं, दादा. पाठ करून.

मग खिडक्यांवर घसरले. तुमच्या भोकांना कीड लागलेलं लाकूड म्हणाले. आणि खिडक्यांच्या रांगा एकाखाली एक ओळीनं बघून मानसिंगवर चिडले, की हेच करायला एवढ्या लांब गेला का, असं कुणी पत्र्याच्या पेटीला भोकं पाडल्यागत खिडक्या ठेवतं का.  दुसऱ्या दिवशी पडवीत पेटीचं झाकण वाजलं. आपली पोलादी पट्टी काढली, कॅलिपर काढला, भिंग काढलं. त्या पट्टीला दुसऱ्या कुणी हात लावलेला ह्यांना चालत नाही. यानाची सगळी मापं घेऊन कॅलेंडरच्या पाठीवर चित्र काढलं. फोटोही भिंगाखाली घातला. त्यात सगळ्या खिडक्या पांढऱ्या आणि शेपटाजवळ एकच पिवळी, ती तुम्ही-आम्ही कुणीच पाहिली नव्हती.

आता ह्यांना उत्तरं पाहिजेत, आणि ती फक्त एकाकडं आहेत. म्हणून हुकूम असा, की पत्र लालासाहेबानं लिहायचं, मापंही त्यानंच घेतली असं सांगायचं, माझं नाव कुठंही येता कामा नये. अक्षर ओळखेल म्हणून कॅलेंडरवरचं सगळं मला दुसऱ्या कागदावर उतरवायला लावलं. तो कागद सोबत आहे. यान सध्या इथंच राहील म्हणाले, त्याला उंब्रजला नीट जागा न्हाई.

आज दूधवाल्याशी भांडण झालं नाही. वेळच नव्हता.

तुमची,
लीला


उंब्रज,
ता. २२ एप्रिल १९७८

चि. मानसिंग यास,

मामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तू पाठवलेलं यान मी जोडलं आहे. सोबतच्या कागदावर त्याची मापं आहेत. ती मी घेतली. मी एकट्यानं घेतली, आणि तेव्हा दुकानात दुसरं कुणी नव्हतं. नक्कल तुझ्या आईच्या अक्षरात दिसेल, त्याचं कारण मला हल्ली लिहिताना चष्मा लागतो. हे पत्र मी चष्मा लावून लिहितो आहे.

काही शंका आल्या आहेत, त्या मलाच आल्या आहेत. एक, नळकांड्यांची बाजू शेपूट हे नक्की ना? मला पहिल्यापासून तसंच वाटत होतं. दोन, त्यांतला उजेड कुठल्या रंगाचा? तीन, खिडक्यांच्या रांगा डब्यातल्या नगात सरळ आहेत आणि फोटोत तशा वाटत नाहीत, तर खरं कुठलं? चार, अंगातून उजेड पाझरतो तो कसा थांबवावा? पाच, शेपटाजवळ एक खिडकी पिवळी का? ही मला भिंगातून दिसली. मला भिंगातून बघायची सवय लागली आहे.

तुझी आई बरी आहे. आबा बरे आहेत, पण त्यांचा या पत्राशी संबंध नाही.

रहिमाननं तुला सलाम सांगितलाय. थंडीत कान बांधत जा. मामाला विसरू नकोस, आणि विसरलास तरी उत्तर लवकर पाठव.

तुझा मामा,
लालासाहेब


लंडन,
ता. ९ मे १९७८

ती. मामांस,

मानसिंगचा सा. न. वि. वि. तुमचं पत्र पोचलं. ते मी इतक्या वेळा वाचलं की घड्या फाटल्या.

आधी उत्तरं. नळकांडी म्हणजे शेपूटच. उजेड निळा, मधल्या नळीत जास्त, कडेच्या चारांत कमी. खिडक्यांच्या रांगा मी भिंतीतल्या विटांसारख्या सांधे तोडून बसवल्या होत्या, वरच्या दोन खिडक्यांच्या मधोमध खाली एक. कंपनीनं साचा स्वस्तात व्हावा म्हणून त्या सरळ करून टाकल्या. मी तक्रार केली होती, पण खेळण्यात कोण बघतंय असं उत्तर आलं. उजेड पाझरू नये म्हणून आतून आधी काळा रंग द्यायचा आणि तो वाळला की त्यावर पांढरा. सगळ्या खिडक्यांत दिवा नको. कुठल्याही वस्तीत सगळी घरं एकदम जागी नसतात. गव्हाच्या दाण्याएवढे बल्ब वेगळ्या पाकिटातून पाठवतो आहे, ते तापत नाहीत.

आता मापांचं. माझ्या टेबलावरही हाच डबा जोडून ठेवलेला आहे. तुम्ही लांबी बरोबर चोवीस इंच कळवली, माझी सव्वाचोवीस भरते. रुंदी, पंख, नळ्या, तुमचं प्रत्येक माप थोडं कमी, आणि सगळी एकाच प्रमाणात कमी. फुटामागं एक सूत. आठ सुतांचा इंच होतो हे मला शाळेच्या आधी घरी शिकवलं होतं.

मामा, बीड निवताना फुटामागं एक सूत आकसतं. म्हणून पॅटर्न करणाऱ्याची पट्टी नेहमीच्या पट्टीपेक्षा तेवढीच लांब असते, तिच्यावरचा फूट हा फुटापेक्षा एक सूत मोठा. तिनं साधी वस्तू मोजली की माप कमी येतं. हे मला माहीत आहे, कारण सातवीत असताना मी ती पट्टी गुपचूप दप्तरात घालून नेली होती आणि भूमितीच्या पेपरातली एकूण एक आकृती चुकवली होती. आबांनी तेव्हा मारलं नाही. गुरुजींकडं येऊन पट्टी खरी आहे, पेपर खोटा आहे असं म्हणाले होते.

तशी पट्टी तुमच्या दुकानात नाही. उंब्रजमध्ये कुणाकडंच नसेल. मी पुन्हा एकदा मोजून पाहिलं, आणि मग जरा बाहेर फिरून आलो.

पिवळ्या खिडकीचं असं. एवढं मोठं यान वर्षानुवर्षं घरापासून लांब जाणार. वाटेत काही मोडलं तर सुटा भाग कोण ओतून देणार? म्हणून त्यात एक पॅटर्न शॉप असलंच पाहिजे असं मी ठरवलं. आबांच्या बाकावर टांगलेल्या बल्बचा उजेड पिवळा होता, म्हणून ती खिडकी पिवळी. इथं हे कुणाला सांगितलेलं नाही, विचारलंही कुणी नाही. विचारलंत ते तुम्हीच, पहिल्यांदा.

मला काय कळलं ते आबांना सांगू नका. बल्ब मात्र द्या. रजेचा अर्ज ऑगस्टच्या आत द्यायचा आहे, तोवर मी थांबतो.

आईला नमस्कार. माझ्यावर रागवा, पण पत्र टाकत राहा.

तुमचा,
मानसिंग


उंब्रज,
ता. २० मे १९७८

चि. सौ. लीला हिस,

आशीर्वाद. वि. वि. सोबत मानसिंगचं पत्र आणि बल्बांचं पाकीट. पोरानं सांगू नका म्हणून लिहिलंय. मी फौजेत बिनतारी खात्यात का नव्हतो, ते आता तुझ्या ध्यानात येईल. गुपित माझ्या पोटात रात्रभर टिकत नाही. पत्र तुझ्याकडं सोपवतो. दाजींना द्यायचं की सलिमाला वाचून दाखवायचं, ते तू बघ.

चष्म्याचं मी चांगलं लिहिलं होतं असं मला अजूनही वाटतं.

तुझा दादा,
लालासाहेब


विश्रामबाग, सांगली,
ता. १८ जून १९७८

ती. दादांस,

लीलाचा शि. सा. न. वि. वि. उत्तराला उशीर झाला, पण घरात वर्कशॉप चालू होतं.

पत्र मी सलिमालाच वाचून दाखवलं. खिडक्यांची उत्तरं आली तेव्हा ओट्यावर पेपर स्थिर होता. कंपनीनं रांगा सरळ केल्या हे आलं तेव्हा पेपर हलला. पट्टीचं आलं आणि पेपर खाली आला. हे उठून अंगणात आले, माझ्या पिठाच्या हातातून पत्र घेतलं आणि उभ्यानं वाचलं. सलिमा शहाणी, पोळपाट उचलून घरी गेली. वाचून झाल्यावर हे पडवीत गेले. मी मागोमाग गेले. बघते तर एका हातात आपली पट्टी, दुसऱ्या हातात माझ्या शिवणाच्या डब्यातली साधी पट्टी, दोन्ही एकमेकींशेजारी धरून हे हसत होते. आवाज न करता, पण खांदे हलत होते. ते हसणं मी विसरले होते, दादा.

त्यानंतर मला सांगायला लागले, की पोराचं काम चोख हाय, वाट लावली ती कंपनीनं. विटेगत सांधे तोडलेल्या खिडक्या, आणि ह्या शहाण्यांनी सरळ केल्या. कोण बघतंय म्हणे. दोन वर्षं ज्याच्या कामाला खेळणी म्हणत होते त्याच्या बाजूनं हे परक्या देशातल्या कंपनीशी इथं बसून भांडत होते. मी हाताचं पीठ झटकत राहिले. दार उघडं होतं.

तुमच्या सगळ्या खिडक्या लांबीची पुट्टी भरून बुजवल्या. राग मानू नका. शिवणाची सुई घासून बारीक बरमा केला आणि भिंगाखाली एकेक करत बरीचशी भोकं नव्यानं पाडली. आतून काळा रंग, त्यावर पांढरा. रहिमानभाईंचा चकचकीत आणि तेलकट कागद तसाच ठेवला, तो मनुष्य समजून काम करतो म्हणाले. लोंबतं पोट खरवडून सरळ केलं. शेपटाच्या बल्बांना लाखेच्या पॉलिशमध्ये कपड्यांची नीळ कालवून लावली. पिवळ्या खिडकीचा रंग मात्र बाजारातला एकही पसंत पडेना, फार भडक म्हणाले. शेवटी स्वयंपाकघरात आले आणि माझी हळद मागितली. ती पॉलिशमध्ये घालून त्या एका दाण्याला तीन हात दिले.

परवा दिवेलागणीला नेमकी सगळ्या विश्रामबागेतली वीज गेली. ह्यांनी सेल जोडले. अंधाऱ्या खोलीत यान उभं राहिलं, दादा. अंगातून कुठं उजेड नाही. मागं निळं, कडेनं बारीक पांढरे ठिपके, काही जागे, काही झोपलेले. आणि एक हळदीचा. सलिमा आणि तिचे दीर दारात येऊन उभे राहिले. मी म्हणाले, फोटोत पिवळी खिडकी शेपटाजवळ आहे, तुम्ही पुढं कशी घेतली? तर ह्यांनी ते मानसिंगलाच सांगतो म्हटलं.

काल पोस्टातून हवाई पत्र आणायला लावलं. सकाळपासून ओट्यावर लिहीत बसलेत. मी आत आहे, दुसरीकडं बघते आहे. पणत्या धुऊन वाळत घातल्या आहेत. आता हसलात तरी चालेल.

तुमची,
लीला


विश्रामबाग, सांगली,
ता. १८ जून १९७८

चि. मानसिंग यास,

आबाचे आशीर्वाद. वि. वि. तुझ्या मामाच्या नावानं गेलेली मापं माझी. पट्टीही माझीच. हाताला तीच सापडते. तू फुटामागचं सूत पकडलंस, ते बरोबर आहे. मापं मी पुन्हा घेतलेली नाहीत. तुला हिशेब कळतो, तू धरून घेशील.

बल्ब पोचले. चांगले आहेत. खिडक्या तुझ्याप्रमाणं सांधे तोडून केल्या. शेपूट निळं केलं, मधली नळी जास्त. कंपनीच्या माणसाला माझ्या वतीनं सांग की खेळण्यातही बघणारे बघतात.

एक चूक तुझीही आहे. पॅटर्न शॉप तू शेपटाजवळ ठेवलंस. तिथं जाळ आहे. लाकडाचा पॅटर्न जाळाजवळ ठेवला तर तडकतो, पिळतो, आणि एक ठिणगी पडली तर सगळं दुकान जातं. आमच्या फौंड्रीतसुद्धा भट्टी एका टोकाला आणि आम्ही दुसऱ्या टोकाला होतो. तू लहानपणी डबा घेऊन यायचास, तुला आठवायला पाहिजे होतं. म्हणून पिवळी खिडकी मी पुढं घेतली आहे, नाकाजवळ. फोटोशी ती जुळत नाही. पण यान खरं असतं तर तिथंच असती. तुला पटत नसेल तर दाखवून दे, पण पत्रातून नाही. यानापुढं उभा राहून दाखव.

लाकडाच्या पंपातून पाणी येत नाही. पण तो केल्याशिवाय बिडाचा होत नाही. तुझ्या आईनं यातलं अर्धं मागं एकदा सांगितलं होतं. मी ते मान्य केलं असं तिला कळवू नकोस.

रजा महिन्याची आहे असं कळलं. पुरती घे. ओत निवायच्या आत साचा फोडला तर काम बिघडतं, हे तुला सांगायला नको. मागच्या पडवीत बाक घातला आहे, उजेड चांगला येतो. दोन माणसं समोरासमोर बसू शकतात. पट्टी मात्र माझी मला लागते. तुझ्यासाठी फौंड्रीतल्या नाथाजीकडून दुसरी मागवून ठेवली आहे.

काही खिडक्या अजून पाडलेल्या नाहीत. कुठल्या जाग्या आणि कुठल्या झोपलेल्या ते फोटोवरून नीट कळत नाही.

प्रकृतीस जपावे. आशीर्वाद आहेतच, ते पत्र आलं नाही तरी होते.

तुझा,
आबा

ता. क. दिवाळीला येताना बारीक बरमे घेऊन ये. सुईवर किती दिवस भागवायचं.